विमानासाठी अर्ज

आयुष्यात मी किती अर्ज लिहिले याची गणती माझ्यापाशी नाही. माध्यमिक शाळेत मराठी आणि गणित असे परस्परांशी फारसे सख्य नसलेले दोन विषय मी शिकवले. त्यामुळे भाषा नीट आणि हिशेब चोख असलेला कागद हवा असला की माणसे माझ्याकडे येत. रविवारची मिस्सा आटोपली की चर्चच्या आवारातल्या कडुनिंबाखाली दोघे-तिघे हमखास वाट पाहत उभे असायचे. कुणाला शिधापत्रिकेवर सुनेचे नाव चढवायचे असे, कुणाला मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी, तर कुणाला रेल्वेतून निवृत्त झालेल्या नवऱ्याच्या निवृत्तिवेतनासाठी अर्ज हवा असे. मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत असे : “तुम्हांला हे का हवे आहे?” माणसे गोंधळत. हवे आहे म्हणून हवे आहे, त्यात काय सांगायचे, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर उमटे. पण कारणाचा परिच्छेद ज्या अर्जात नसतो, तो साहेबांच्या मेजावर सर्वांत खाली जातो हा माझा अनुभव होता.

अशा मला वयाच्या बहात्तराव्या वर्षी एका प्रवासी जेट विमानासाठी अर्ज लिहावा लागेल, असे कुणी सांगितले असते तर मी हसलो असतो. अर्जदार होता माझा नातू.

आमच्या जळगावच्या घरात आम्ही तिघे. सून एका रुग्णालयात परिचारिका आहे. तिच्या पाळ्या कधी दिवसा, कधी रात्री. मुलगा दोह्याला वातानुकूलन यंत्रांच्या दुरुस्तीचे काम करतो. तो गेला तेव्हा नातू चौथीत होता. आता तो नववीत आहे. दर शुक्रवारी मुलाचा फोन येतो, कारण तिकडे सुटीचा वार तो. पूर्वी नातू फोनवर झडप घालायचा. पुढे पुढे “हो”, “नाही”, “बरं” एवढ्या तीन शब्दांवर त्याचे संभाषण आले. गेल्या पावसाळ्यापासून तर फोन वाजला की तो अभ्यासाच्या निमित्ताने आतल्या खोलीत जाऊ लागला. सुनेने एक-दोनदा रागावून पाहिले. मी तिला म्हटले, “राहू दे. मुलगा वयात येतो आहे.” आजोबांच्या तोंडी शोभणारे हे वाक्य मी उच्चारले खरे, परंतु माझेच समाधान त्याने झाले नव्हते.

आतल्या खोलीत एक जुना संगणक आहे. त्यावर नातू विमाने उडवतो. शत्रूवर गोळ्या झाडण्याचा हा खेळ नव्हे. त्यात विमान सुरू करायचे, धावपट्टीवर आणायचे, योग्य वेगाला नाक वर उचलायचे, वाऱ्याचा आणि इंधनाचा हिशेब ठेवत तासन्‌तास जायचे आणि पुन्हा जमिनीवर अलगद टेकवायचे. इंग्रजीत याला फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात. प्रथम मला हा वेळेचा अपव्यय वाटला. नंतर मी त्याच्यामागे खुर्ची घेऊन बसू लागलो, आणि माझ्यातला गणिताचा शिक्षक जागा झाला.

या यंत्राचा इतिहासही मनोरंजक आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक नावाचा तरुण होता. त्याच्या वडिलांचा व्यवसाय ऑर्गन आणि पियानो तयार करण्याचा. विमान शिकायला पैसे फार पडत, म्हणून लिंकने १९२९ मध्ये जमिनीवरच डोलणारे, झुकणारे एक खोटे विमान तयार केले; आणि ते हलवण्यासाठी वापरले ऑर्गनचे भाते! आपल्या चर्चमधील पेटीचा भाता ज्याने कधी हलवला असेल त्याला ही युक्ती लगेच समजेल. प्रारंभी लोकांनी त्याकडे जत्रेतले खेळणे म्हणून पाहिले. १९३४ मध्ये टपाल वाहून नेताना खराब हवामानात अमेरिकी सैन्याचे वैमानिक एकामागून एक दगावले, तेव्हा सैन्याने त्यातली सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात लक्षावधी तरुण त्यावर उड्डाण शिकले. आज हेच काम घरचा संगणक करतो. यातले काही खेळ मोठ्या कंपन्या विकतात. काही मात्र विनामूल्य असतात. जगभरचे हौशी लोक आपापली नोकरी सांभाळून ते घडवतात. १९९६ मध्ये ज्याची कल्पना मांडली गेली तो फ्लाइटगिअर त्यांपैकी प्रसिद्ध. नातवाचा खेळही याच कुळातला, धर्मादाय म्हणावा असा.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीत त्याने वर्तमानपत्रातली एक बातमी कापून मेजावर चिकटवली. २७ ऑक्टोबर २०२५ रोजी मॉस्कोत हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि रशियाची युनायटेड एअरक्राफ्ट कॉर्पोरेशन यांच्यात एक सामंजस्य करार झाला होता. एसजे-१०० नावाचे, सुमारे शंभर आसनांचे जेट विमान भारतात बांधावे, असा त्याचा आशय. यापूर्वी संपूर्ण प्रवासी विमान आपल्या देशात तयार झाले ते ॲव्रो. १९६१ ते १९८८ या काळात. ते पंख्याचे विमान होते. प्रवासी जेट आपण आजवर बांधलेले नाही.

“आबा, हे विमान आपल्या खेळात नाही,” नातू म्हणाला. “मी त्यांना मागितलंय.”

“काय लिहिलंस?”

त्याने दाखवले. इंग्रजीत एकच ओळ होती. एसजे-१०० लवकर द्या, एवढाच तिचा अर्थ. पुढे तीन उद्गारचिन्हे.

आठवडाभराने उत्तर आले. सभ्य होते, परंतु लांबलचक नव्हते. आम्ही कुणीही या कामाचे वेतन घेत नाही, असे त्यात लिहिले होते. एक विमान तयार करायला एखाद्याच्या कित्येक महिन्यांच्या संध्याकाळी खर्ची पडतात. म्हणून मागणी करणाऱ्याने चार गोष्टी कळवाव्यात. विमानाची नेमकी कोणती आवृत्ती हवी? त्याची रेखाचित्रे आणि आकडे कोठून मिळतील? या कामातला कोणता भाग तुम्ही स्वतः कराल? आणि हेच विमान का?

नातवाचा चेहरा पडला. “नाही द्यायचं तर नाही म्हणावं सरळ,” तो पुटपुटला.

मला मात्र ते पत्र वाचून आनंद झाला. आयुष्यभर मी कडुनिंबाखाली जे विचारत आलो, तेच सातासमुद्रापलीकडचा कुणी अनोळखी मनुष्य विचारत होता. मी म्हटले, “हा नकार नाही. तुझा अर्ज अपुरा आहे, एवढंच ते सांगतायत. चल, नीट लिहू.”

अशा रीतीने आमचे काम सुरू झाले. रोज संध्याकाळी जेवणाआधी तासभर. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे नव्हते. सुखोई सुपरजेट या नावाचे मूळ विमान १९ मे २००८ रोजी प्रथम उडाले. त्याच्या इंजिनात परदेशी वाटा होता आणि अनेक भाग परदेशी होते. पुढे निर्बंध आले, तेव्हा रशियाने आपलीच इंजिने व उपकरणे बसवून त्याची नवी आवृत्ती तयार केली. तीच ही एसजे-१००. नव्याचे सगळे आकडे मिळेनात, म्हणून जुन्याच्या आकड्यांवर आधार ठेवायचे ठरले. लांबी सुमारे ३० मीटर. पंखांचा विस्तार २७.८ मीटर. पूर्ण वजन सुमारे ४६ टन. एका भरणीत पल्ला सुमारे तीन हजार किलोमीटर. उड्डाणाला पूर्ण वजनाने सुमारे १,७३० मीटर धावपट्टी हवी, उतरायला सुमारे १,६३०. मी वहीत रकाने आखून दिले. त्याने ते भरले.

तिसऱ्या प्रश्नावर तो अडला. आपण काय करणार? संगणकात विमान म्हणजे दोन गोष्टी असतात, हे तोवर त्याने मला शिकवले होते. एक त्याचे बाह्य रूप. ते त्रिमिती चित्र काढण्याच्या प्रणालीत बिंदू बिंदू जोडून करावे लागते. दुसरी गोष्ट म्हणजे त्याचा स्वभाव. पंखांचा आकार, वजन, वजनाचा मध्यबिंदू, इंजिनाचा जोर हे आकडे एका फायलीत द्यायचे, म्हणजे कोणत्या वेगाला ते उचलेल, वळताना कसे वागेल हे संगणक गणिताने काढतो. रूप करणे आम्हांला अवघड होते. स्वभाव मात्र आकड्यांचा होता. “तो आपण करू,” मी म्हटले. नातवाने माझ्याकडे जरा संशयाने पाहिले, आणि अर्जात लिहिले : आकड्यांचे काम आम्ही करू, मी आणि माझे आजोबा.

चौथा रकाना त्याने रिकामाच ठेवला. हेच विमान का? “भारतात बनणार आहे म्हणून लिहा,” तो म्हणाला. मी ते लिहिले नाही. तीस वर्षांच्या सवयीने मला खोटे कारण आणि अपुरे कारण यांतला फरक कळतो. हे कारण खोटे नव्हते, पण अपुरे होते. मी म्हटले, “राहू दे. सुचेल तेव्हा लिही.”

एका संध्याकाळी तो म्हणाला, “आबा, हे आपल्या जळगावला उतरेल का ते काढू या.”

जळगावचा विमानतळ कुसुंब्याजवळ आहे. राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या कारकिर्दीत, २०१२ मध्ये तो नव्या रूपात सुरू झाला. डिसेंबर २०१७ मध्ये तेथून मुंबईला अठरा आसनी विमान जाऊ लागले तेव्हा गावातली माणसे ते पाहायला गेली होती. ती सेवा टिकली नाही. २०१९ मध्ये दुसरी आली, तीही थांबली. २०२४ मध्ये पुन्हा नवी सेवा सुरू होऊन गोवा, हैदराबाद, पुणे ही नावे फलकावर दिसली. ही सारी पंख्याची विमाने. कारण धावपट्टी आहे सुमारे १,७५० मीटर.

“सतराशे तीस लागतात, सतराशे पन्नास आहेत,” नातू म्हणाला. त्याच्या स्वरात विजय होता. “बसतं!”

“कोणत्या महिन्यात?” मी विचारले.

त्याला प्रश्न कळला नाही. मग मी त्याला तापमानाचा धडा दिला. हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचाही जोर घटतो. छापील आकडे समुद्रसपाटीच्या, पंधरा अंश तापमानाच्या आदर्श हवेचे असतात. आपले जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीचशे मीटर उंच; पण मे महिन्यात पारा चव्वेचाळीसवर गेला की त्या आदर्श हिशेबाने आपल्या धावपट्टीवरची हवा महाबळेश्वराच्या उंचीवर असावी तितकी विरळ होते. महाबळेश्वराची हवा, पण थंडावा मात्र नाही. खानदेशी माणसाचे नशीब! ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढले की उड्डाणाची धाव दहा टक्क्यांनी वाढते. तीस अंशांनी वाढले तर सुमारे तीस टक्के. मी मांडणी केली : १,७३० चे तीस टक्के ५१९. बेरीज २,२४९.

“म्हणजे पाचशे मीटर धावपट्टी कमी पडते,” मी म्हटले. “उतरताना उष्णतेचा इतका अडथळा होत नाही. मे महिन्यात तुझं विमान दोनशे उतारू जरी नाही तरी शंभर उतारू घेऊन जळगावला उतरेल कदाचित. पण पुन्हा तितकीच माणसं आणि इंधन भरून उडू म्हटलं, तर ते उडणार नाही.”

तो थोडा वेळ वहीकडे पाहत राहिला. मग सहज म्हणाला, “मग चांगलंच आहे की.”

“काय चांगलं आहे?”

“उतरतं, पण परत जाता येत नाही, ते.”

तो उठून पाणी प्यायला गेला. मी वहीतल्या आकड्यांकडे पुन्हा पाहिले आणि जे पंधरा दिवस माझ्या नजरेसमोर असूनही मला दिसले नव्हते ते दिसले. दोहा ते जळगाव हे सरळ अंतर सुमारे अडीच हजार किलोमीटर आहे. आपल्याकडे येणाऱ्या पंख्याच्या विमानाचा पल्ला सुमारे दीड हजार. ते पोहोचणार नाही. मोठे जेट पोहोचेल, पण त्याला भरल्या वजनाने दोन किलोमीटरहून अधिक धावपट्टी हवी. दोह्याहून निघून वाटेत कोठेही न थांबता जळगावच्या आखूड धावपट्टीवर टेकू शकेल, असे विमान नातू शोधत होता. त्याने बहुधा कित्येक रात्री यादी चाळली असावी. आणि त्याचा बाप रजेवर येतो तो मे महिन्यात.

मुलगा वयात येतो आहे, असे मी सुनेला म्हणालो होतो. तो बापाच्या येण्याचा मार्ग आखत होता.

त्या रात्री मी सुनेला काही सांगितले नाही. फक्त मुलाला निरोप पाठवला, की जमल्यास यंदा नाताळला ये. रजा तोडून मिळत असेल तर तशी घे. कारण लिहिले नाही. अर्जात कारण हवेच म्हणणाऱ्या मास्तरानेच तो नियम मोडला.

नोव्हेंबरच्या अखेरीस धुळ्याला माझ्या बहिणीकडे जाणे होते. नातवालाही बरोबर घेतले. एरंडोल, पारोळा करत बस धुळ्याला पोहोचली तेव्हा दुपार झाली होती. बहीण देवपुरात राहते. भरीत-भाकरीचे जेवण झाल्यावर नातू म्हणाला, “आत्याआजी, गोंदूर इथून किती लांब?” रिक्षावाल्याने “कोठे जानं शे, दादा?” असे विचारले, आणि विमानतळ म्हटल्यावर त्याने आम्हां दोघांकडे निरखून पाहिले. धुळ्याहून प्रवासी विमान सुटत नाही, हे आम्हांला ठाऊक नसावे असे त्याला वाटले असेल.

गोंदूरची धावपट्टी वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी ओळखली जाते. कुंपणाबाहेर आम्ही उभे राहिलो. एक लहान विमान पुन्हा पुन्हा येऊन पट्टीला टेकत होते आणि तसेच पुढे उडत होते. जवळच शेळ्या घेऊन आलेली मुले प्रत्येक फेरीला “इमान उनं, इमान उनं!” असा तोच गजर तितक्याच उत्साहाने करीत होती.

तेथे उभे राहून मी नातवाला कॅप्टन अमोल यादव यांची गोष्ट सांगितली. जेट विमाने चालवणाऱ्या या मराठी वैमानिकाने मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये, राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते वांद्रे-कुर्ला संकुलात मांडले गेले तेव्हा लोकांचा डोळ्यांवर विश्वास बसला नाही. परंतु पाहणे निराळे आणि उडणे निराळे. अर्ज, परवानग्या, तपासण्या यांत काळ गेला. नोंदणी झाली २०१७ मध्ये. आणि ते विमान आकाशात चाचणीसाठी गेले ते २०२० मध्ये, याच गोंदूरच्या धावपट्टीवरून.

“इथून?” नातवाने विचारले. त्याची दृष्टी पट्टीवरून हलेना.

“इथूनच.”

“त्यांनी किती अर्ज केले असतील?”

“ते मला माहीत नाही. पण नुसते अर्ज करून ते थांबले नाहीत. अर्जाचं उत्तर येईपर्यंत ते गच्चीवर काम करत राहिले.”

तो काही बोलला नाही. परतीच्या बसमध्ये पारोळ्याच्या पुढे अंधार पडला, तेव्हा त्याने माझ्या खिशातून पेन काढून घेतले आणि वही उघडली. हलत्या बसमध्ये वाकडेतिकडे अक्षर उमटले. चौथ्या रकान्यात त्याने मराठीत लिहिले : “माझे वडील दोह्याला काम करतात. आमच्या गावी जेट येत नाही. हे विमान दोह्याहून निघाले तर आमच्या धावपट्टीवर उतरू शकते. मी हिशेब केला आहे.” मग वही माझ्याकडे देत म्हणाला, “इंग्रजी तुम्ही करा.”

मी आजवर केलेल्या अर्जांमध्ये याहून चांगले कारण मला आठवत नाही. मी त्यात एकही विशेषण घातले नाही.

यावेळी उत्तर तीनच दिवसांत आले. लिहिणारे गृहस्थ युरोपातले, निवृत्त झालेले. पूर्ण विमान करायला माझ्यापाशी वेळ नाही, असे त्यांनी स्पष्ट कळवले. पण तुमचे आकडे मी तपासले आहेत, दोन ठिकाणी चूक आहे, ती दुरुस्त करा. मी कच्चे बाह्य रूप करून देतो, बाकीचे तुम्ही शिका. त्यांनी दाखवलेल्या दोन चुकांपैकी एक नातवाची होती आणि एक माझी. माझी अधिक मोठी होती : वजनाचा मध्यबिंदू मी भलत्याच टोकापासून मोजला होता. आगमनकाळाचे चारही आठवडे आमचे या दुरुस्त्यांत गेले. एका बाजूला चर्चमध्ये गोठ्याची तयारी चाललेली, मुले बांबू आणि गवत आणताहेत. दुसऱ्या बाजूला आमचे विमान दर रात्री धावपट्टीच्या टोकाला जाऊन शेतात घुसत होते. अखेर एका रात्री ते उडाले. त्याला खिडक्या नव्हत्या, रंग नव्हता, चाके आत घेता येत नव्हती. राखाडी रंगाचा एक मासा पंख पसरून आकाशात चालला आहे असे ते दिसे.

तेवीस डिसेंबरला पहाटे मुलगा आला. दोहा ते मुंबई हा प्रवास साडेतीन-चार तासांचा. मुंबई ते जळगाव या रेल्वेच्या प्रवासाला त्याहून बराच अधिक वेळ लागला. नातू स्टेशनवर आला होता, पण बापाची बॅग घेऊन तो पुढे चालू लागला. दिवसभर घरात पाहुण्यासारखे वातावरण होते. मुलगा विचारी, नातू उत्तर देई. तेच तीन शब्द.

नाताळच्या रात्री मध्यरात्रीची मिस्सा करून आम्ही परतलो. सुनेने करंज्या पुढे ठेवल्या. झोपायची वेळ होऊन गेली होती. मुलगा आतल्या खोलीच्या दाराशी उभा राहून म्हणाला, “आबा फोनवर काही विमानाचं म्हणत होते.”

नातवाने खुर्ची सरकवून दिली. “बघायचं असेल तर बसावं लागेल,” तो म्हणाला. “दोह्याहून आहे. तीन तासांच्या वर लागतात. मधे घाई करता येते, पण मी करत नाही.”

मुलगा बसला. मी दारातून पाहत होतो. दोह्याची धावपट्टी, मग काळे आखात, मग अरबी समुद्र. समुद्रावर पाहण्यासारखे काहीच नसते. दोघे अंधाऱ्या पडद्याकडे पाहत बसले होते. थोड्या वेळाने मुलाचा आवाज आला. इंजिनातून केबिनमध्ये येणारी हवा थंड कशी करतात हे तो सांगत होता. तो त्याच्या धंद्यातला विषय. नातू प्रश्न विचारत होता. मी जाऊन पडलो. मध्ये एकदा जाग आली तेव्हा बोलणे चालूच होते.

पहाटे पाचच्या सुमारास नातवाने मला हाक मारली. “आबा, उतरतोय.” पडद्यावर मेहरूणचा तलाव चमकला, शेतांचे चौकोन वर आले, आणि तो राखाडी मासा जळगावच्या धावपट्टीवर टेकला. जरा उसळला, पुन्हा टेकला, आणि शेवटच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या अलीकडे थांबला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मुलाने डोळे चोळले. रात्रभर जागल्यामुळे असेल.

मग त्याने विचारले, “परत उडतं का हे इथून?”

मी नातवाकडे पाहिले. त्या विमानातली खोच घरात आम्हां दोघांनाच ठाऊक होती. त्याने तापमानाचा काटा बापाला दाखवला. बाहेर खरोखरीच डिसेंबरची थंडी होती. पडद्यावरही बारा अंश होते.

“मे महिन्यात नाही उडत,” तो म्हणाला. “आता थंडी आहे ना, पप्पा. आता उडू शकतं.”

चार जानेवारीला मुलगा परत गेला. शुक्रवारी फोन वाजला की नातू आता आतल्या खोलीत जात नाही असे नाही. जातो, पण फोन घेऊन जातो. विमान अजून अपुरेच आहे. युरोपातल्या त्या गृहस्थांनी खिडक्या कशा कोराव्यात याचा पाठ पाठवला आहे, आणि रिकाम्या वेळी नातू एकेक खिडकी बसवतो. परवा त्याने मला सांगितले, की डाव्या बाजूच्या सर्व झाल्या. उजवी बाजू परीक्षा संपल्यावर.